हाड आहे, पण भरलेलं नाही

कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बाहेर काढाल तेव्हा ते रबरासारखं वाकेल. आम्लात हाडातले क्षार विरघळतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचा चिवट साचा तेवढा उरतो. ऑस्टिओमलेशियात, म्हणजे अस्थिमृदुतेत, जिवंत माणसाच्या हाडाची गत थोडीफार अशीच होते. फक्त इथे क्षार विरघळत नाहीत, ते मुळात नीट भरलेच जात नाहीत.

मुलांमधल्या याच बिघाडाला मुडदूस म्हणतात. त्यांची हाडं वाढत असतात, म्हणून पाय वाकतात. पण वाढ कधीच थांबलेल्या चाळिशीतल्या माणसाचं हाड मऊ कसं पडेल? कारण हाडांची डागडुजी आयुष्यभर चालू असते. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या तिथे कोलॅजेनचा नवा थर घालतात आणि दहा-पंधरा दिवसांनी त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसू लागतात. दर वर्षी प्रौढांच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग असा नवा होतो. ड जीवनसत्त्व बराच काळ कमी पडलं, तर थर पडत राहतात, भरणी मात्र रखडते.

या जीवनसत्त्वाचं मुख्य काम आतड्यात चालतं. ते पुरेसं असेल तर अन्नातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम रक्तात येतं, नसेल तर १० ते १५ टक्केच. आता रक्तातलं कॅल्शियम घसरणं हृदयाला आणि मज्जातंतूंना परवडत नाही. मग गळ्यातल्या इवल्याशा परावटू ग्रंथी जाग्या होतात. त्यांचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम ओढून काढतं आणि मूत्रपिंडांना फॉस्फेट लघवीवाटे टाकायला लावतं. कॅल्शियमची तूट कशीबशी सावरते, पण फॉस्फेट घटतं आणि फॉस्फेटशिवाय स्फटिक बनत नाहीत. रक्त वाचवण्याच्या धडपडीत शरीर हाडाचंच आणखी नुकसान करून बसतं. म्हणूनच ‘रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलंय’ एवढ्यावर निर्धास्त होण्यात अर्थ नाही. फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडवणाऱ्या पेशींशी निगडित एक एन्झाइम) आणि ड जीवनसत्त्व यांचे आकडेही पाहावे लागतात.

दुखणं मोठं फसवं असतं. कंबर, बरगड्या, जांघा सतत ठणकतात, नडगीवर अंगठा दाबला तर कळ येते. पण माझ्या मते जास्त बोलकी खूण स्नायूंची: बैठ्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात रेटावे लागतात, जिना चढताना कठडा सुटत नाही, चाल बदकासारखी डुलते. हे सगळं बिनदिक्कत वयाच्या नावावर खपतं.

दुसरा घोटाळा ऑस्टिओपोरोसिसशी होतो. त्यात हाड कमी असतं, पण आहे ते पुरतं भरलेलं. घनतेच्या तपासणीत मात्र दोन्हींचे आकडे कमीच येतात. हा भेद नुसता पुस्तकी नाही. ऑस्टिओपोरोसिसची काही औषधं हाडाची झीज रोखतात, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता तशीच ठेवून ती दिली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकतं.

आणि ऊन? त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात, आणि खिडकीची काच ते जवळजवळ सगळेच अडवते. काचेआड बसून अंग तापतं, पण ड जीवनसत्त्व बनत नाही. शिवाय आतड्याचे, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार आणि अपस्माराची काही औषधंही या तुटीला कारण ठरतात, तेव्हा नुसत्या उन्हाने भागत नाही.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळू लागलं, की दुखणं बहुधा काही आठवड्यांत हलकं होतं, हाड भरायला मात्र महिने लागतात. गोळ्या मनाने वाढवू नयेत, कारण अतिरेकाने रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडं बिघडू शकतात. एक्स-रेवर काही रुग्णांच्या मांडीच्या किंवा ओटीपोटाच्या हाडात अर्धवट तडा गेल्यासारखी फिकट रेघ दिसते, तिला लोझर रेषा म्हणतात. उपचार लागू पडले की त्या जागी हळूहळू क्षार भरतात आणि पुढच्या फिल्मवर ती रेघ शोधावी लागते.