गराडूचा पहिला घास आणि मेंदूतली वजाबाकी

परवा इंदूरच्या रामबागेत भिंतीवर जाहिरात वाचली: 'सात दिवसांत डोपामाइन शुद्धी, आयुष्यभर आनंद.' मेंदूतल्या डोपामाइनला आनंदाचं रसायन म्हणायची हल्ली रीतच पडली आहे. त्याचं खरं काम निराळं आहे, आणि इतकं देखणं आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींचे विद्युत-स्पंद नोंदले. जिभेवर अवचित रसाचा थेंब पडला, की पेशी जोरात स्पंद सोडत. मग दरवेळी आधी दिवा आणि नंतर रस, असं सुरू केलं. माकड सरावल्यावर पेशी दिव्यालाच उसळू लागल्या. रसाला त्या ढिम्म! आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्यांचे नेहमीचे स्पंदही मंदावत.

पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी 1997 मध्ये याचं गणित मांडलं. त्यात पेशी 'चूक' मोजतात: आत्ता मिळालेलं, अधिक पुढच्या क्षणाची अपेक्षा (पुढची म्हणून किंचित कमी धरून), वजा या क्षणाची अपेक्षा. दिवा लागताना मिळालेलं शून्य, पण पुढची अपेक्षा एकदम चढते, उत्तर धन. रस येताना मिळालेलं आणि अपेक्षित सारखंच, उत्तर शून्य. रस चुकला, तर ऋण. इतकी साधी वजाबाकी, आणि शिकण्याची केवढी यंत्रणा तिच्यावर उभी आहे!

माणसांचंही पाहिलं गेलं. 2014 मध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी 18,420 जणांना मोबाइलवर पैजेचा खेळ देऊन मधूनमधून विचारलं, 'आत्ता किती आनंदी आहात?' उत्तर एकूण कमाईवर ठरत नव्हतं. अपेक्षेपेक्षा बरं झालं की नाही, यावर ठरत होतं.

म्हणून आनंदाचं ठरीव सूत्र दहाव्या दिवशी फिकं पडतं. सूत्र तेच, पण अपेक्षा त्याच्या बरोबरीला आलेली असते. 'मग अपेक्षाच ठेवू नका' हा सल्लाही फुकट. ती आपण ठेवत नाही, मेंदू आपसूक बांधतो.

आणि शुद्धी कसली करता? डोपामाइन हा मळ नाही. मध्यमेंदूतल्या याच पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो. पुष्कराजाची अंगठी विकणारे आणि ही शिबिरं भरवणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात.

थंडीत पुण्याहून भाचा आला होता. रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊगल्लीत नेलं. गरम तेलातून निघालेले गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, वर लिंबू आणि जिरावण मसाला. पहिला तुकडा तोंडात जाताच डोळे विस्फारून म्हणाला, "मामा, हा सुरण आहे का?" माझ्या तोंडात तेच गराडू, चाळीस वर्षांच्या सवयीचे.

दुसऱ्या रात्री त्यानेच मला ओढून नेलं. गल्लीच्या तोंडाशी जिरावणाचा वास आला आणि त्याचा चेहरा तिथेच फुलला. गाडी अजून दिसतही नव्हती.