कोणी चिकटवलं? मुंबईतल्या रोजगाराची मागची गोष्ट

गिरणगावात नोकरी 'मिळत' नसे, माणूस 'चिकटत' असे. "धाकटा काय करतो?" या प्रश्नाला "मामांनी गिरणीत चिकटवलाय" असं उत्तर यायचं. चिकटवणारा कोण, हे त्या उत्तरातच असे. आज मुंबईत बेकारीवर उपाय म्हणून रोजगार मेळावे, कौशल्य विकास केंद्रं, प्रशिक्षण योजना यांची यादी वाचली जाते, तेव्हा या चिकटवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. हा शहाणपणा नवा नाही. गेली शंभर वर्षं तसंच चाललं आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी आणि सातारच्या गावांतून माणसं येत राहिली. त्यांना कामावर घेणारा गिरणीचा मालक नसे, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, असे. तो आपल्या भागातल्या, बहुतेकदा आपल्या भावकीतल्या पोरांना आणे, राहायला गाववाल्यांच्या खोलीत जागा बघे, खानावळ लावून देई आणि पहिल्या पगारातून आपली दस्तुरी कापून घेई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. नवीन पोरगा आठ-पंधरा दिवस गाववाल्याच्या साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, फुकट उभा राहायचा, तुटलेले धागे जोडायचा आणि हात बसला की कामाला लागायचा. प्रशिक्षण म्हणतात ते एवढंच. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, 1887 मध्ये सुरू झालं खरं, पण तिथून तयार व्हायचे ते खात्यांवर देखरेख करणारे. साचेवाल्याची शाळा साचाच होती.

जॉबरचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तो लाच खाई, मर्जी राखणाऱ्याला काम देई आणि संपाच्या काळात मालकाच्या बाजूने माणसं फोडे. 1929 साली कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने या पद्धतीवर कडक टीका केली. पण भरती करणारा, शिकवणारा, अडीअडचणीला उसने पैसे देणारा आणि काम सुटलं तर दुसऱ्या गिरणीत शब्द टाकणारा एकच माणूस होता, हे ध्यानात ठेवायला हवं. तो हटवला तेव्हा ही चारही कामं कोणाच्या तरी अंगावर येणार होती. ती कोणी घेतली, याचीच ही कथा.

पहाटे भोंगा झाला की फाटकाबाहेर बदलीवाल्यांची गर्दी जमे. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला किंवा दांडी मारली, तर बदलीवाल्याला पाळी मिळायची. नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलीवाल्यांना कार्ड द्यायला सुरुवात केली, म्हणजे जॉबरच्या मर्जीऐवजी नोंदीवर काम मिळावं. कागद आणि ओळख यांची ही पहिली झटापट. ओळख हरली असं कोणी समजू नये. कार्ड मिळवायलाही कोणीतरी लागत होतंच.

सरकार या खेळात उतरलं ते कामगारांसाठी नव्हे, सैनिकांसाठी. दुसरं महायुद्ध संपलं, लष्करातून मोकळी झालेली माणसं कुठे लावायची म्हणून 1945 मध्ये सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. फाळणीनंतर निर्वासितांची सोय तिच्याकडे आली आणि मग ती सगळ्यांना खुली झाली. कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आयटीआयची पायाभरणी, 1950 ची. 1959 मध्ये कायदा झाला की 25 किंवा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या. कळवायच्या, एवढंच. तिथल्याच उमेदवाराला घ्यायचं, असं कायदा म्हणत नव्हता. त्यामुळे दहावी-बारावीनंतर नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि 'कॉल' येण्याची वाट बघायची, हा मुंबईतल्या किती घरांचा रिवाज होऊन बसला. आमच्याही घरी ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत असायचं. कॉल आल्याचं मला आठवत नाही.

शिकलेल्या मराठी मुलांच्या या वाट बघण्यातूनच साठच्या दशकातलं राजकारण पेटलं. 'मार्मिक' या बाळ ठाकऱ्यांच्या साप्ताहिकात मोठ्या कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावं छापून यायची, 1966 मध्ये शिवसेना निघाली, पुढे बँका आणि विमा कंपन्यांत स्थानीय लोकाधिकार समित्या झाल्या. त्या समित्यांचं मराठी पोरांना लागलेलं खरं अप्रूप काय होतं? अर्ज कसा भरायचा, परीक्षेची तयारी कशी करायची, आत कोणाला भेटायचं हे सांगणारा एक दादा त्यांना मिळाला. जॉबरने पँट-शर्ट घातला, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. 'ऐंशी टक्के स्थानिकांना' हे सूत्र शासनाच्या निर्णयांत आलं. 2008 च्या निर्णयात पर्यवेक्षकीय जागांसाठी 50 टक्के आणि बाकीच्यांसाठी 80 टक्के असं ते पुन्हा लिहिलं गेलं. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं.

या सगळ्यात एक उपाय मात्र वेगळ्या वाटेने गेला, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मशीद बंदर, भाऊचा धक्का, जुना भाजीबाजार इथे पाठीवर ओझी वाहणारे माथाडी टोळीने काम करत. टोळीचा मुकादम असे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. या कायद्याने टोळी मोडली नाही. टोळीची नोंदणी सरकारने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे केली, मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, वर भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. माणूस ओळखीनेच आत आला, पण आत आल्यावर त्याला कागदाचं संरक्षण मिळालं. बनावट टोळ्या, खंडणी या तक्रारी नंतर आल्या, त्या खऱ्याही आहेत. तरी ज्या वाटेने लोक काम शोधतात ती वाट न बुजवता तिच्यावर दिवा लावणारा कायदा म्हणून मला तो अजून महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक विसंगती इथेच नोंदवतो. महाराष्ट्राची रोजगार हमी, वि. स. पागे यांची कल्पना, 1972 च्या दुष्काळात रुजली आणि 26 जानेवारी 1979 पासून कायद्याने लागू झाली. तिच्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या पगारदाराच्या पावतीवर तो आजही कापला जातो. हमी मात्र ग्रामीण भागापुरती. गिरणीचं फाटक बंद झाल्यावर परळच्या माणसाला काम मागायला कायदा नव्हता.

आणि फाटकं बंद झाली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखभर माणसं पुन्हा आत गेली नाहीत. 1983 मध्ये केंद्राने मुंबईतल्या 13 गिरण्यांचा कारभार हाती घेतला, पण गिरण्या बंद पडण्याची लाट ओसरली नाही. कोणी गावी परतले, कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर गेले, कोणी इमारतींच्या दाराशी वॉचमन झाले. चाळीतल्या बायकांनी पोळ्या लाटल्या, शिवण घेतलं, भाजी विकली. 1975 पासून प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती. ती बायकांची साखळी संपाच्या काळात कित्येक घरांची चूल पेटती ठेवायला उपयोगी पडली.

सरकारी उत्तर मात्र रकमेत आलं. 1986 च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीत पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत होती. अट अशी की गिरणी कायद्याने बंद झालेली असावी. नुसतं कुलूप लागलेली, कागदावर चालू असलेली गिरणी यात बसत नव्हती. 1992 मध्ये राष्ट्रीय पुनर्नवीकरण निधी आला. समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण, नवा रोजगार ही त्याची जाहीर उद्दिष्टं होती. पैसा प्रामुख्याने स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांत गेला. चाळिशी ओलांडलेल्या साचेवाल्याच्या हाती चेक आला. तो मुलीच्या लग्नात किंवा गावच्या घराच्या कौलांत जिरला.

मग जमीन आली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले: मोकळी जागा, म्हाडा (सरकारी घरबांधणी मंडळ) आणि मालक. 2001 मध्ये तो बदलला, आधीच मोकळी असलेली जमीनच वाटणीला धरायची ठरलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच नियमात एक कलम आहे जे फार थोड्यांनी वाचलं असेल. मालकाने गिरणी हलवली किंवा तिथे दुसरा उद्योग काढला, तर 1 जानेवारी 2000 रोजी कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला, पात्रता असेल तर, प्राधान्याने नोकरी द्यायची आणि भरतीपूर्वी प्रशिक्षण मालकानेच पूर्ण करायचं. पुनर्प्रशिक्षण इतक्या स्पष्ट शब्दांत मुंबईत क्वचितच लिहिलं गेलं असेल. पण मालकाने उद्योग काढलाच नाही, गाळे बांधून विकले, तर? गाळ्यातलं दुकान दुसऱ्याचं, त्यातला नोकर तिसऱ्याचा. कामगारांची लढाई मग घरांपुरती उरली. 2012 च्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी 6925 घरं निघाली. नोकरीच्या त्या कलमासाठी मोर्चा निघाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता सेवायोजन कार्यालयाचं नाव कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे आणि नोंदणी मोबाइलवर होते. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8000, पदवीधराला 10000 रुपये आणि सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी उभं राहून शिकायचं. साच्यापाशी उभं राहण्याच्या जुन्या पद्धतीच्या हे सगळ्यांत जवळ जाणारं, आणि वर पैसे मिळणारं. मुदत संपत आली तशी प्रशिक्षणार्थ्यांनी ती वाढवून मागितली. ती अकरा महिने झाली. त्यानंतर मागणी आली ती नोकरीत कायम करण्याची.