पिस्तुलाचे काडतूस, रायफलीची नळी

अमेरिकेच्या शस्त्रबाजारात ९ मिमी पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या हलक्या कार्बाइनांना, म्हणजे आखूड रायफलींना, गेल्या दशकात चांगली मागणी आली आहे. गोळ्या स्वस्त पडतात, खांद्याला धक्का कमी बसतो आणि पिस्तुलाचे मॅगझिन (काडतुसे भरायचा डबा) त्याच कार्बाइनला चालते, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ती खरी असली तरी ही कल्पना नवी नाही. शिवाय तिचा पहिला यशस्वी अध्याय नेमका उलट्या दिशेने लिहिला गेला : त्यात रायफलीचे काडतूस रिव्हॉल्वरमध्ये आले.

विंचेस्टर कंपनीने १८७३ मध्ये लिव्हरने चालणारी नवी रायफल आणली आणि तिच्यासाठी .४४-४० हे काडतूस तयार केले. नावातील .४४ हा गोळीचा इंचातला ढोबळ व्यास, तर ४० हा आकडा दारूचा आहे : पितळी पुंगळीत ४० ग्रेन काळी दारू आणि तिच्या तोंडाशी २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, शिशाची गोळी. कोल्ट कंपनीचे प्रसिद्ध सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर त्याच वर्षी आले, पण ते .४५ कोल्ट या स्वतःच्या काडतुसाचे होते. पुढे काही वर्षांतच कोल्टने हेच रिव्हॉल्वर .४४-४० मध्येही काढले आणि त्याला ‘फ्रंटियर सिक्स शूटर’ असे नाव दिले. पुरवठ्याचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असलेल्या प्रदेशात कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही शस्त्रांना चालणे ही मोठीच सोय होती.

मग .४५ कोल्टची रायफल त्या काळात का निघाली नाही? त्याचे मुख्य कारण पुंगळीच्या बुडाच्या कडेत सापडते. त्या काडतुसाची कड अगदी अरुंद होती. रिव्हॉल्वरमध्ये रिकाम्या पुंगळ्या दांड्याने मागे ढकलून काढल्या जात असल्याने तिथे अडचण येत नसे. रायफलीत मात्र पुंगळी आकड्याने पकडून ओढावी लागते आणि त्या आकड्याला पकड मिळेल एवढी कडच नव्हती. चित्रपटांत सर्रास दिसणारी .४५ कोल्टची लिव्हर रायफल प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे.

नळीच्या खाली दुसरी नळी जोडून तिच्यात काडतुसे एकामागे एक ठेवण्याच्या पद्धतीनेही एक बंधन घातले. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला टेकत असल्यामुळे टोकदार गोळी धोक्याची ठरे. म्हणून या रायफलींच्या गोळ्या चपट्या नाकाच्या राहिल्या. धूररहित दारू आल्यावर दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस पुरवण्याच्या सोयीला पहिला तडा गेला. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८९२ च्या विंचेस्टरची कुलूपरचना १८७३ च्या रचनेपेक्षा कितीतरी मजबूत होती आणि तिच्यासाठी .४४-४० ची जोरकस काडतुसे विकली जाऊ लागली. ती रिव्हॉल्वरमध्ये बसत असली तरी वापरणे घातक होते, आणि तशी सूचना त्यांच्या खोक्यांवर छापावी लागे.

युरोपात या विषयाने वेगळेच वळण घेतले. १८९६ च्या माउझर पिस्तुलाची लाकडी पेटी मागे अडकवली की तिचाच खांद्याला टेकवायचा दस्ता होई. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्याला लांब नळीचे लुगर पिस्तूल, जोडता येणारा दस्ता आणि ३२ गोळ्यांचे गोगलगाईच्या आकाराचे मॅगझिन देण्यात आले. १९१८ मध्ये ह्यूगो श्माइसर यांच्या रचनेची बर्गमान एमपी १८ ही सबमशीनगन रणांगणावर उतरली तेव्हा तिने लुगरचे ९ मिमी पॅराबेलम काडतूस तर घेतलेच, पण मॅगझिनही तेच घेतले. खंदकातल्या लढाईत शत्रू काही पावलांवर असे, तिथे हजार मीटर जाणारी रायफलीची गोळी अनाठायी होती. दुसरे कारण यंत्राचे होते. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब इतका कमी असतो की बोल्टला, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या तुकड्याला, कुलूप लावण्याची गरज राहत नाही. जड बोल्ट आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्यावर काम भागते. म्हणून पुढे ब्रिटनला १९४१ मध्ये साध्या नळ्या आणि पत्र्याचे दाबकाम केलेले भाग यांपासून स्टेनगन लाखोंच्या संख्येने बनवता आली. रायफलीच्या काडतुसासाठी इतके स्वस्त शस्त्र बनवणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातलीच डी लाइल कार्बाइन मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत चतुर योजना वाटते. ली-एनफिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची नळी आणि भोवती भला थोरला सायलेन्सर. या काडतुसाची जड गोळी मुळातच ध्वनीच्या वेगापेक्षा सावकाश जाते, त्यामुळे हवेत तिचा कडाका होत नाही. इतरत्र उणीव मानला जाणारा मंद वेग इथे गुण ठरला.

लांब नळीचा लाभ सर्व काडतुसांना सारखा मिळत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. १९३५ च्या .३५७ मॅग्नमच्या लांब पुंगळीत सावकाश जळणारी दारू भरता येते. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्वरमधून सेकंदाला सुमारे ३७५ मीटर, तर रायफलीतून साडेपाचशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ९ मिमीची दारू थोडी आणि भराभर जळणारी असल्यामुळे वेग साधारण दहा-पंधरा टक्क्यांनीच वाढतो. तरीही अमेरिकेतील नागरी कार्बाइनची नळी सोळा इंचांची असते, कारण १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने आखूड रायफलींवर नोंदणी आणि (२०२५ अखेरपर्यंत) दोनशे डॉलरचा कर लादला आणि आज ती मर्यादा सोळा इंचांवर आहे. मार्लिनची १९८५ ची कॅम्प कार्बाइन असो किंवा रुगरची अलीकडची, नळीची लांबी दारूने नव्हे तर कायद्याने ठरवली आहे.

शिकारीतही कायद्याचाच हात दिसतो. इंडियाना आणि ओहायो ही सपाट, दाट वस्तीची राज्ये हरणाच्या शिकारीला रायफल वापरू देत नसत. पुढे त्यांनी सरळ (तोंडाशी निमुळती न होणाऱ्या) पुंगळीच्या, पिस्तुली धाटणीच्या काडतुसांपुरती सूट दिली, कारण त्यांची गोळी फार दूर जात नाही. नेमबाजीच्या स्पर्धांमध्येही अशा कार्बाइनांचा स्वतंत्र गट गेल्या दशकात सुरू झाला आणि आजच्या मागणीचा मोठा वाटा त्याचा आहे.

भारतात हा नागरी बाजार नाही. स्वयंभरण रायफल आणि ९ मिमी बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. पोलीस आणि सैन्यात मात्र ‘कार्बाइन’ म्हटले की अनेक दशके ९ मिमीची स्टर्लिंगच समजली जाते. जॉर्ज पॅचेट यांची ही ब्रिटिश रचना कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत १ए१ या नावाने बनत आली, आणि तिच्या काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. चिलखती जाकिटे सर्रास झाल्यावर ९ मिमी गोळी अपुरी पडू लागली. त्यावर पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन संस्था एआरडीईने ५.५६ × ३० मिमीचे छोटे, वेगवान काडतूस आणि त्याची कार्बाइन विकसित केली. आणि तरीही याच संस्थेने लष्कराबरोबर २०२१ मध्ये पुढे आणलेले ‘अस्मी’ हे शस्त्र पुन्हा ९ मिमीचेच आहे.