हेलिक्स की नोलिक्स: दुमजली रेल्वे लेआउट आखताना

घरातला रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या मॉडेल गाड्यांसाठी मांडलेला रुळांचा देखावा, दुमजली करायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो गाडी वर न्यायची कशी. त्याची दोन उत्तरं आहेत आणि नवखा माणूस हमखास त्यांत गल्लत करतो, कारण दोन्हींत गाडी गोल फिरत फिरतच वर चढते.

हेलिक्स म्हणजे खोलीच्या एका कोपऱ्यात लोखंडी गोल जिन्यासारखं रुळांचं वेटोळं. गाडी खालच्या मजल्यावरून त्यात शिरते, चार वेढे घेते आणि वरच्या मजल्यावर बाहेर पडते. दोन्ही मजले मात्र सपाट. नोलिक्समध्ये वेटोळं नसतंच. अख्खा लेआउट भिंतीकडेने हळूहळू चढत जातो आणि खोलीची एक फेरी पुरी झाली की रूळ आपल्याच आधीच्या रुळाच्या डोक्यावर येतो. म्हणजे हेलिक्स चढ एका कोपऱ्यात कोंडतो, नोलिक्स तो सगळीकडे पसरतो. बाकीचे सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

आता आकडे बघू. एचओ स्केल धरू, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं मॉडेल. वळणाची त्रिज्या २४ इंच घेतली तर हेलिक्सचा एक वेढा ३.८३ मीटरचा होतो. गाडीच्या टपासाठी ७६ मिमी, वर प्लाय, कॉर्क आणि रूळ मिळून एका वेढ्याला १०० मिमी तरी चढायला हवं. पेंटोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या टपावरची तारेला टेकणारी चौकट) वर करून इंजिन चालवणार असाल तर त्याहून जास्त. हा चढ झाला २.६ टक्के. मुंबईहून कोल्हापूरला येताना कर्जत ते लोणावळा जो बोर घाट लागतो, तो ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. तुमच्या कोपऱ्यात जवळजवळ तोच घाट उभा राहतोय, आणि तोही सगळा वळणावर. वळणावर चाकं रुळाला घासतात. एचओसाठी ढोबळ हिशोब असा, की ३२ ला इंचातल्या त्रिज्येनं भागायचं आणि येईल ते चढाच्या टक्क्यांत मिळवायचं. २४ इंचांना १.३ येतात. म्हणजे कागदावरचे २.६ टक्के इंजिनाला ३.९ वाटतात. आठ डबे आरामात ओढणारं इंजिन हेलिक्समध्ये पाचावर अडतं, ते यामुळेच.

दोन मजल्यांत ४०० मिमी अंतर हवं तर चार वेढे, एकूण सव्वापंधरा मीटर रूळ. खऱ्या गाडीच्या ताशी ४० किमीच्या प्रमाणात, म्हणजे त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या वेगानं गाडी चालवली तर ती पुरी दोन मिनिटं दिसेनाशी होते. पाहुण्यांना वाटतं, अडकली.

नोलिक्सचा हिशोब त्याहून सोपा आहे, पण तो आधी करून बघणारे कमीच. दोन मजल्यांतलं अंतर म्हणजे खोलीच्या फेरीची लांबी गुणिले चढ. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीपासून वीतभर आत, कोपरे गोल करून रूळ फिरवला तर फेरी भरते साधारण ११ मीटरची. २ टक्के चढ धरला तर अंतर येतं २२० मिमी. त्यातून वरच्या मजल्याची जाडी वजा करा. उरलेल्या फटीत हात घालून घसरलेला डबा रुळावर ठेवून दाखवा! ४०० मिमी हवेत तर चढ ३.६ टक्क्यांवर जातो. पंधरा बाय वीसचा हॉल असेल तर फेरी पावणेएकोणीस मीटरच्या आसपास जाते आणि साधारण २.१ टक्क्यांत काम होतं. पण त्यातही स्टेशनं सपाट ठेवावी लागतात, नाहीतर सोडून ठेवलेल्या वाघिणी आपोआप चालू लागतात. आठ डबे आणि इंजिन मिळून सव्वादोन मीटर होतात, म्हणजे एका स्टेशनाला अडीच मीटर धरा. दोन स्टेशनं घेतली की उरलेला चढ २.९ टक्के झालाच. शिवाय प्रत्येक फेरीला दार आडवं येतं. तिथं काढता-घालता येणारा पूल हवा, तोही तिरका.

मग निवड खोलीवरून करायची का? निम्मी. उरलेली निम्मी तुम्ही कुठली लाइन करताय त्यावरून. आपल्या कोल्हापुरातले बहुतेक जण कोल्हापूर-मिरजच करायला घेतात, आणि ते साहजिक आहे, १८९१ पासूनची आपली लाइन ती. पण ही लाइन सपाटीची. रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल, दोन्ही बाजूंना ऊस, हातकणंगले, जयसिंगपूर, मग कृष्णा आणि मिरजेचं मोठं यार्ड. ती नोलिक्सवर चढवली तर ऊसच घाटात लावल्यासारखा दिसेल. इथे हेलिक्सच हवा. वर कोल्हापूर ते हातकणंगले, खाली जयसिंगपूर ते मिरज. मधल्या निमशिरगावच्या पट्ट्यात गाडी दोन मिनिटं दिसली नाही तर काही बिघडत नाही. दोन्ही नद्या उघड्यावर राहतात, हे महत्त्वाचं. उलट बोर घाट करायचा असेल तर नोलिक्सला तोड नाही. तिथं २२० मिमीसुद्धा चालतात, कारण तो दुसरा मजला नसून त्याच डोंगराचा वरचा टप्पा असतो.

जागेचं म्हणाल तर हेलिक्स पाच बाय पाच फूट खातो, म्हणजे १२० चौरस फुटांतले २५. हे ऐकून घरची मंडळी काय म्हणतील ते आधी विचारून घ्या.

बांधकाम मात्र हेलिक्सचं जास्त सुखाचं आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ८ मिमीचा आटे असलेला रॉड हव्या त्या मापात कापून मिळतो. वर्तुळावर सारख्या अंतरानं आठ जागा ठरवायच्या आणि प्रत्येक वेढा तिथं नट-वॉशरवर टेकवायचा. १०० भागिले ८, म्हणजे प्रत्येक जागी १२.५ मिमी चढ. या रॉडचा आटा १.२५ मिमीचा असतो, म्हणजे पुढच्या रॉडवरचा नट आधीच्यापेक्षा बरोबर दहा फेरे वर. पावसाळ्यात प्लाय फुगून कुठं चढ बिघडला तर पान्यानं अर्धा फेरा द्यायचा. नोलिक्समध्ये हे लाड नाहीत. गवंडी लेव्हल काढतो त्या पाण्याच्या नळीनं भिंतीवर खूण करून, दर मीटरला २० मिमी वर घेत रेघ मारायची आणि त्या रेघेवर ब्रॅकेट ठोकायचे. पेठेतल्या जुन्या घराची मातीची भिंत असेल तर प्लग धरत नाहीत. तिथं जमिनीवरून लाकडी सांगाडाच उभा करावा लागतो.

प्लाय कापायच्या आधी एक चाचणी घ्या. आठ फुटी सरळ फळीवर रूळ टाका, एका टोकाखाली ६३ मिमीचा ठोकळा ठेवा आणि तुमची सर्वांत लांब गाडी चढवा. हा झाला २.६ टक्क्यांचा सरळ चढ. हेलिक्ससाठी वळणाची घासण धरून ठोकळा ९५ मिमीचा करा आणि परत चढवा. चाकं जागेवर गरगरली तर डबे कमी करा किंवा मागे दुसरं इंजिन लावा. त्रिज्या वाढवायला दहा बाय बाराच्या खोलीत कोपरा उरलेला नसतो.