निवडून दिलं म्हणून काहीही करू द्यायचं?

‘लोकांनी निवडून दिलंय, मग सरकारला अडवणारे तुम्ही कोण?’ दादरच्या कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात हा सवाल इतक्या ठामपणे टाकला जातो की चीड येते. शासितांची संमती (म्हणजे ज्यांच्यावर राज्य चालतं त्यांचा होकार) आणि नैसर्गिक हक्क (म्हणजे माणसाला जन्मतःच असलेले) यांची त्यात पार सरमिसळ झालेली असते.

संमती आपल्याला ठाऊक आहे: मतदान, बहुमत, पाच वर्षांनी पुन्हा कौल. १७७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ती हक्कांच्या शेजारीच येते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. तिथला क्रम मात्र नीट वाचावा. हक्क जन्मापासूनचे, ते राखायला सरकार, आणि त्या सरकारची सत्ता लोकांच्या संमतीतून.

खरी मेख पुढे आहे. संमतीने सरकारला नेमकं काय देता येतं? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९मध्येच उत्तर दिलं: जे मुळात आपल्या हातात नाही, ते दुसऱ्याला देता येत नाही. स्वतःच्या जिवावर मनमानी करायचा अधिकार माणसाला नाही, म्हणून तो स्वतःला गुलामीत लिहून देऊ शकत नाही. मग शेजाऱ्याचं स्वातंत्र्य तो मतपेटीतून कुठून देणार? सोसायटीच्या पुनर्विकासात बहुमताने बिल्डर निवडता येतो. पण एका सभासदाचा फ्लॅट ठराव करून दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. हात कितीही वर होवोत.

हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी जोतीराव फुले वाचावेत. निर्मिकाने, म्हणजे सृष्टिकर्त्याने, सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र आणि हक्कांसह निर्माण केलं, हे त्यांनी मराठीतच लिहून ठेवलंय.

‘१९७७मध्ये जनतेने हिशेब चुकता केला’ हे आणीबाणीबद्दलचं वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. चुकता झाला तो संमतीचा हिशेब; हक्कांचा बाकीच होता. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला होता, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना म्हणाले की राज्यघटनेतला अनुच्छेद २१ हा जगण्याच्या हक्काचा एकमेव आधार नाही. तो नसता तरी कायद्याशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता आलं नसतं. मतपेटीने सरकार बदललं. अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित होऊ नये, यासाठी १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती लागली, आणि तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः म्हणायला २०१७ उजाडलं.