वसाहतकाळातल्या अमेरिकन पूर्वजाचा शोध

१६०७ ला व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसलं तिथपासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत अमेरिकेतल्या वसाहतींमधे राहून गेलेल्या माणसाला तिथले वंशावळवाले कलोनियल पूर्वज म्हणतात, आणि स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जात, प्रत्येक पायरीला कागद दाखवत त्याच्यापर्यंत पोचणं म्हणजे हा शोध. सुरुवात स्वतःपासून, हे मुद्दाम सांगावं लागतं कारण बरेचजण उलटं करतात, आडनाव जुळणारा कुणीतरी मोठा माणूस धरतात, इंग्लंडहून सुरुवातीच्या वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी असेल तर मग काय बघायलाच नको, आणि तिथून खाली आपल्यापर्यंत यायला बघतात. अशात मधली एखादी पिढी नुसत्या नावसाधर्म्यावर चिकटवली जाते आणि तिच्या वरचं सगळं झाड दुसऱ्याच घराण्याचं निघतं.

१८५० पर्यंत मागे जाणं तसं सोपं, कारण त्या वर्षीच्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहिलं. त्याआधी, १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकी सगळे नुसते आकडे. १७९० च्या मागे देशभराची जनगणनाच नाही.

मग हाताशी काय उरतं तर जमीन आणि मृत्युपत्रं. आपल्याकडे जुन्या फेरफारात वारसांची नावं सापडतात तसंच तिथे काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टातल्या खरेदीखतांचं आहे, बाप मेला की भाऊ-बहिणी मिळून जमीन विकतात आणि एका कागदात सगळी भावंडं, जावयांसकट, समोर येतात. बायकांचा माग तर बहुतेक इथेच लागतो. लग्नानंतर आडनाव बदललं की बाई कागदावरून गायबच होते, पण नवऱ्याच्या जमिनीवर तिचा विधवा म्हणून हक्क असायचा, त्यामुळे जमीन विकताना तो सोडल्याचं तिच्याकडून लिहून घ्यायचे, आणि बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको’ असं एक वाक्य मिळालं तरी दोन घराणी जोडली जातात. माझ्या मते नवख्याने जन्मतारखेच्या मागे लागण्याआधी ही खतं वाचायला शिकावं. अक्षर मात्र सवयीचं नाही, सतराव्या शतकातलं इंग्रजी वळण मोडीसारखं वेगळं बसून शिकावं लागतं.

कागद किती सापडतील ते वसाहतीवर. मॅसॅच्युसेट्समधे १६३९ पासून जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा हुकूम होता, आणि १६२० ते १६४० मधे न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, आलेल्या साधारण २०,००० लोकांवर भरपूर काम झालंय, बॉस्टनची वंशावळ संस्था तर १८४५ पासून आहे. व्हर्जिनियाचं दुखणं वेगळं, चर्चची रजिस्टरं थोडीच उरलीत, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून काही काउंट्यांनी आपली दप्तरं व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, पाठवली ती नेमकी एप्रिल १८६५ च्या आगीत जळली. पण तिथे हेडराइट होता, १६१८ पासून, एक माणूस स्वखर्चाने आणला की ५० एकर जमीन, म्हणून जमिनीच्या कागदात आणलेल्यांची नावं मिळतात. अशाच नोंदींत १६३५ ला ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं एक नाव आहे, म्हणजे हिंदुस्थानाकडून आलेला माणूस. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाशी त्याचा संबंध लावू नये, त्या समाजाने हे नाव घेतलं ते १८८७ ला.

डच न्यू नेदरलँडमधे, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या भागात, जे १६६४ ला इंग्रजांनी घेतलं, बऱ्याच लोकांना आडनावच नव्हतं, पीटरचा मुलगा यान म्हणजे यान पीटरसन आणि त्याची मुलं यानसन. आपण मधे बापाचं नाव लावतो त्यामुळे हे आपल्याला पटकन कळतं. पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनांसाठी १७२७ पासूनच्या जहाजयाद्या आहेत, पण राजनिष्ठेची शपथ घेणारे १६ वर्षांच्या पुढचे पुरुषच त्यात बहुतेक सापडतात.

शब्द आणि तारखा दोन्ही फसवतात. सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेक असतीलच असं नाही, गावात एका नावाचे दोघे असले की मोठा आणि धाकटा एवढाच अर्थ, चुलता-पुतण्या असतील किंवा काहीच नातं नसेल. मदर-इन-लॉ म्हणजे कधी सावत्र आई. आणि १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, शिवाय अठराव्या शतकात त्यांचं कॅलेंडर आजच्यापेक्षा ११ दिवस मागे होतं, त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या हिशोबाने २२ फेब्रुवारी १७३२. हे ठाऊक नसेल तर लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं किंवा एकाची दोन माणसं होतात.

छापील वंशावळ म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत घराण्यांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी बनवून दिल्या, त्या आजही ऑनलाइन झाडांमधे कॉपी होत फिरतायत. डीएनएने वडिलांकडची सरळ पुरुषांची ओळ तपासता येते, बाकी दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि त्यातल्या पुष्कळ पूर्वजांचा डीएनए आपल्यात उरलेलाच नसतो.

गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांसाठी हा शोध सगळ्यात कठीण. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं जनगणनेत आली ती थेट १८७० ला, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत वय, लिंग, रंग एवढंच, नाव मालकाचं. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागद वाचावे लागतात, त्याचं मृत्युपत्र आणि मेल्यावर केलेली मालमत्तेची यादी, जिथे गाई-घोड्यांच्या शेजारी माणसाचं पहिलं नाव असतं आणि त्यापुढे लावलेली किंमत.