बॉम्बर कमांडची लॉगबुके

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधील (हवाई दलातील) बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागाच्या, प्रत्येक विमानकर्मीला स्वतःच्या उड्डाणांची नोंदवही ठेवावी लागे. तिला लॉगबुक म्हणतात. पत्रे, रोजनिशा, विमानातून टिपलेली छायाचित्रे आणि उतारवयात ध्वनिमुद्रित झालेल्या आठवणी यांच्या जोडीने ही लॉगबुके या हवाई युद्धाचा सर्वांत जवळचा पुरावा ठरतात. सुमारे १,२५,००० विमानकर्मींपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. उड्डाणाचे काम सगळ्यांनी स्वेच्छेने पत्करलेले होते.

वहीत तारीख, निघण्याची वेळ, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिकाचे नाव, स्वतःचे काम, शेरा आणि दिवसाचे व रात्रीचे उड्डाणतास असे रकाने असत. रात्रीची मोहीम लाल शाईने लिहीत, दिवसाची बहुधा हिरव्या. शेऱ्यात ‘ऑप्स – बर्लिन’ (ऑप्स म्हणजे मोहीम) एवढेच आणि तासांच्या रकान्यात सात-साडेसात. समुद्रात सुरुंग पेरण्याच्या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘गार्डनिंग’, म्हणून वहीतही तेच. काम न होता परतावे लागले तर ‘डी.एन.सी.ओ.’. महिनाअखेर तासांची बेरीज करून वरिष्ठांची सही घ्यायची. पहिला ‘टूर’, म्हणजे सलग नेमणुकीचा ठरलेला टप्पा, साधारण ३० मोहिमांचा असे. अनेक वह्यांत तो पुरा होत नाही: शेवटची नोंद दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात असते, आणि ती विमान परत न आल्याची असते.

बेपत्ता माणसाची खोली लगेच रिकामी केली जाई आणि त्याच्या सामानाची यादी होई. अशा कितीतरी वह्या सरकारी कोठारात साठल्या. वारसांनी न मागितलेल्या बहुतेक वह्या १९६० च्या सुमारास नष्ट करण्यात आल्या. थोड्या नमुन्यादाखल राखल्या. इतिहासाची ही हानी आता भरून निघणे नाही.

लॉगबुकात भीती कुठेच लिहिलेली नसते. लिहिणार तरी कसे? उड्डाणास नकार देणाऱ्याच्या नावापुढे ‘एल.एम.एफ.’, म्हणजे मनोधैर्याचा अभाव, असा शिक्का बसत असे. तो भाग आठवणींत सापडतो. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानात सात जण; त्यांतला रिअर गनर, म्हणजे मागचा तोफची, शेपटीच्या काचेच्या कोठडीत सगळ्यांपासून दूर, विजेने तापणारा पोशाख घालून, कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास अंधार निरखत बसे. हे गनर म्हातारपणी तारीख चुकतात, शहरांची गल्लत करतात, पण ती थंडी आणि शेजारचे विमान पेटल्याचा उजेड विसरत नाहीत. म्हणून अभ्यासक आठवण, लॉगबुक आणि स्क्वॉड्रनची (विमानतुकडीची) दैनंदिन नोंदवही शेजारी ठेवून वाचतात. एकटी वाचली तर यांतली कुठलीही अपुरीच.

जर्मन शहरांवरील बॉम्बफेकीवर, विशेषतः फेब्रुवारी १९४५ च्या ड्रेस्डेनवरील हल्ल्यांवर, कठोर टीका झाली. अनेक विमानकर्मी घरीदेखील कैक वर्षे गप्प राहिले. लंडनच्या ग्रीन पार्कमधील बॉम्बर कमांडचे स्मारक उभे राहायला २०१२ उजाडले. लिंकन येथे २०१८ मध्ये खुल्या झालेल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या डिजिटल संग्रहात बॉम्बखाली सापडलेल्यांच्या आठवणीही जमवल्या आहेत, आणि हे फार महत्त्वाचे आहे. जुलै १९४३ च्या हल्ल्यांत हॅम्बर्गमध्ये सुमारे ४०,००० माणसे मेली. वहीत ते ‘ऑप्स – हॅम्बर्ग’.

या दळात भारतीयही होते. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे लँकॅस्टरचे नेव्हिगेटर, म्हणजे मार्ग दाखवणारे, होते. त्यांनी ज्यातून काही मोहिमा केल्या ते ‘एस फॉर शुगर’ नावाचे विमान, क्रमांक आर ५८६८, लंडनच्या हेंडन येथील रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. त्याच्या नाकाजवळ मोहिमांच्या हिशेबासाठी रंगवलेल्या लहान बॉम्बच्या ओळी आजही पाहता येतात.